तिला मीटिंगपर्यंत कोण नेणार?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



दारूचा विषय निघाला की आपल्याला आधी आठवतो तो गुत्ता. आपण मोर्चे काढले, मडकी फोडली, आडव्या बाटलीसाठी गावोगाव मतदान घडवून आणलं. या सगळ्या लढ्यात पिणारा तो पुरुष आणि सोसणारी ती बाई, असंच चित्र आपल्यासमोर होतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. बाईच पीत असेल, तर आपण काय करतो?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. बचतगटातली एक बाई पिऊन बैठकीला आली. धुणीभांडी करणारी, दोन मुलांची आई. गटाने तिचं नाव वहीतून काढलं. समाजकार्यात एम.ए. केलेली मी तिथेच बसले होते, गप्प. एरवी नवरा पितो म्हणून रडणारीच्या पाठीवरून आम्ही हात फिरवायचो. हिला मात्र एवढंच विचारलं, "पोरांची तरी काही लाज?"

काही महिन्यांनी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, सुटत नाही. काय करू?" मी अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला आणि माझं काम झालं असं समजले. ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा दारातूनच परत आली. आत सगळे पुरुष. वेळ रात्री आठची, म्हणजे भाकऱ्या थापायची. आणि पाहिलं कोणी तर? तिसऱ्या वेळी मी सोबत गेले.

मीटिंग शाळेच्या वर्गात होती. छोट्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसलेली. एकेकाने उठायचं, आपलं पहिलं नाव सांगायचं, मी मद्यपाशी आहे म्हणायचं आणि स्वतःचं सांगायचं. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. ही पद्धत अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी १९३५ साली सुरू झाली. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघांचीही दारू सुटत नव्हती. एकमेकांशी बोलत राहिलं की आजचा दिवस न पिता जातो, हे त्यांना उमगलं. आजही सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते, खुल्या मीटिंगला कोणीही जाऊ शकतं. म्हणून मी आधी तिला खुल्या मीटिंगला नेलं. पुढे ती बंद मीटिंगला जाऊ लागली, तेव्हा मी बाहेर पायरीवर बसायचे.

त्यांची पहिली पायरी आहे ती दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करण्याची. मला ते खटकलं. बायांना 'तू हतबल नाहीस' हेच तर आपण शिकवतो! मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "ताई, दारूपुढे हरले म्हणाले मी. नवऱ्यापुढे नाही." मी पुढे काही बोलले नाही.

आता कामाचं. पत्ता देण्याआधी स्वतः चौकशी करा: मीटिंग खुली आहे का, वेळ कोणती, एखादी बाई तिथे येते का. येत असेल तर आधी तिच्याशी गाठ घालून द्या. रोज भरपूर पिणारीला एकदम दारू बंद करायला लावू नका. हात थरथरतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंग हा आधार आहे, औषधाची जागा तो घेत नाही. २०२० नंतर मीटिंगा फोनवरही भरू लागल्या, पण दहा बाय दहाच्या खोलीत, सासूसमोर, ती काय बोलणार?

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल्-अ‍ॅनॉन आहे. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. नवऱ्याची दारू मी सोडवू शकत नाही आणि ती माझ्यामुळे लागलेली नाही, हे कळलं तरी बाईच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं. मात्र मारहाण होत असेल तर तिला फक्त गटात पाठवून थांबू नका. मारणं हा दारूचा गुन्हा नाही, मारणाऱ्याचा आहे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे.

ती पूर्ण बरी झाली, असं सांगायला मला आवडलं असतं. मधे दोनदा तिने पुन्हा घेतली. दोन्ही वेळा ती मीटिंगला परत गेली आणि तिथे कोणी तिचं नाव कापलं नाही. आमच्या गटाने मात्र कापलं होतं. ते आम्ही पुन्हा वहीत लिहिलं, पण वर्ष गेलं त्यात.

शेवटी एक मागणं. आपल्या संस्थांच्या खोल्या दुपारी दोन ते चार रिकाम्या असतात. ती बायांच्या सवडीची वेळ. जवळच्या ए.ए. गटाला सांगा, फक्त बायांची मीटिंग इथे भरवा. ते भाडं देऊ करतील, कारण स्वतःच्या वर्गणीवरच चालायचं हा त्यांचा दंडक आहे. थोडं का होईना, घ्या. आणि दार उघडायला आपल्यातली एक जण तिथे असू द्या.