दात भरला, ताण उरला

गिअरचा झिजलेला दात आता लेझरने भरता येतो. धातूची पावडर झोतात वितळवायची, झिजेवर थरावर थर चढवायचे आणि मग ग्राइंडिंग करून मूळ आकार काढायचा. दात मापात आला, कडकपणा मिळाला, की काम फत्ते असं समजतात. ही कसोटी मला अपुरी वाटते. वितळलेला थर निवताना आक्रसू पाहतो आणि खालचा थंड धातू त्याला आक्रसू देत नाही. पोलाद अंशागणिक मीटरमागे सुमारे 12 मायक्रॉन आक्रसतं. 100 अंशांचं आक्रसणं पूर्ण अडवलं, तर जवळपास 240 मेगापास्कल ताण उभा राहतो. साधं पोलाद एवढ्याने कायमचं ताणलं जाण्याच्या बेतात येतं. इथे तर थर 1500 अंशांच्या आसपास गोठलेला असतो! भार घेताना दात वाकतो, तेव्हा भाराच्या बाजूला मुळाच्या गोलाईत ओढ पडते. तिथे आधीच ओढ मुरलेली असेल, तर चीर लवकर सुटते. म्हणून तर चांगल्या गिअरच्या याच जागी शॉट पीनिंगने मुद्दाम दाब भरतात.

लेझरची उष्णता ती केवढीशी, असं कोणी म्हणेल. त्यामुळे गिअर कमी वाकतो, हे खरं. ताणाची तीव्रता मात्र त्याने घटत नाही. मग भट्टीत 600 अंशांना ठेवून ताण काढावा? साखर कारखान्याच्या मिलचा ओतीव पोलादाचा पिनियन पुरेशा चढ्या तापमानाला टेंपर केलेला असेल, तर खुशाल काढावा. पण केस हार्डनिंग केलेल्या गिअरचं टेंपरिंग 150 ते 200 अंशांनाच झालेलं असतं. एका दातासाठी तो भट्टीत घातला, तर बाकीचे सगळे धड दात नरम पडतील. यावर तोड म्हणून निवताना शेवटी-शेवटी फुगणारी, मार्टेन्साइट होणारी पावडर सुचवतात. युक्ती नामी आहे. थरात दाब येतो, पण तो तोलणारी ओढ खाली, बऱ्याचदा जोडाजवळच सरकते; आणि जोड हीच तर दुरुस्तीतली नाजूक जागा. एक्स-किरणांची नेहमीची तपासणी पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनच पाहते, तिला ही ओढ दिसतही नाही.

तेव्हा भरणा दाताच्या कडेवरच थांबवावा, मुळाच्या गोलाईत उतरवू नये. त्याच पावडरीने, थरांच्या त्याच क्रमाने एक नमुना दात भरून त्यात जोडाच्या खोलीपर्यंत भोक पाडून ताण मोजावा. दात मुळातूनच तुटला असेल आणि गिअरबॉक्स जड भाराचा असेल, तर नवा गिअरच बसवावा.