रानवाटेवरील दंश आणि प्रवाशाची दक्षता



उघड्यावर रात्र काढणारा प्रवासी म्हटला की पाठीवर पिशवी घेऊन गडकोट चढणारा हौशी तरुण डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु महाराष्ट्रात पोटासाठी किंवा श्रद्धेपोटी वाट तुडविणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. पालखीबरोबर पंढरीची वाट चालणारे वारकरी, पावसाळा सरताच मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरणारे धनगर, दसऱ्यानंतर साखर कारखान्यांच्या परिसरात कोपी उभारून राहणारे ऊसतोड कामगार, उन्हाळ्यात भल्या पहाटे तेंदूपत्त्यासाठी रानात शिरणारी गडचिरोलीतील कुटुंबे, काजूच्या बागांत वाकून बिया वेचणाऱ्या कोकणातील स्त्रिया, ही सर्व मंडळी प्रवासीच होत. चावणाऱ्या कीटकांचा उपद्रव हौशी तरुणाला चार दिवस होतो. या कष्टकऱ्यांना तो वर्षानुवर्षे सोसावा लागतो. म्हणूनच या विषयाचा विचार केवळ सहलीच्या सोयीचा विचार नसून सार्वजनिक आरोग्याचा विचार आहे.

दंश म्हणजे केवळ खाज नव्हे

डास चावला, खाज सुटली, चार दिवसांत गाठ बसली, एवढ्यावर बहुतेक दंशांची कथा संपते. मात्र काही दंशांतून रोगाचे बीज शरीरात शिरते. सर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी दिसले आणि कीटक व ताप यांचा संबंध जगापुढे आला. त्या शोधाबद्दल १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या काळात डास, गोचीड, वाळूमाशी आणि माइट या लहानशा जिवांमुळे होणारे अनेक रोग शास्त्रज्ञांनी ओळखले. यांपैकी गोचीड आणि माइट हे शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हेत. आठ पायांच्या कोळ्याच्या कुळातले ते जीव आहेत. तथापि प्रवाशाच्या दृष्टीने हा भेद गौण आहे. प्रत्येकाची चावण्याची वेळ कोणती आणि वस्तीची जागा कोणती, हे जाणणे त्याला अधिक अगत्याचे आहे. कारण अमुक एक मलम लावले म्हणजे सर्वांपासून सर्वकाळ संरक्षण झाले, असे कधीही होत नाही.

डासांचे वेळापत्रक

रक्त पितात त्या केवळ डासांच्या माद्या. अंड्यांच्या वाढीसाठी त्यांना रक्तातील प्रथिने लागतात. माणसाच्या उच्छ्वासातील वायू, अंगाची ऊब आणि घामाचा गंध यांच्या मागाने त्या अंधारातही त्याला अचूक शोधून काढतात. हिवताप पसरविणारा ॲनाफिलीस डास सांजवेळेपासून पहाटेपर्यंत चावतो. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी बाह्या खाली ओढणे आणि रात्री मच्छरदाणीत झोपणे हा त्यावरचा मुख्य उपाय होय. डेंग्यू पसरविणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास मात्र दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत त्याचा जोर अधिक असतो. दुपारी झाडाखाली किंवा धर्मशाळेत विसावलेल्या प्रवाशाला रात्रीच्या मच्छरदाणीचा त्याविरुद्ध काहीच उपयोग होत नाही. त्या वेळी अंगभर कपडे आणि डासप्रतिबंधक मलम हीच साधने कामी येतात. मुक्कामाच्या जागी पडलेली करवंटी, फुटके मडके, टाकलेला टायर यांत साचलेले थोडेसे पाणीही एडिसला अंडी घालण्यास पुरते, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्याच्या घनदाट वनप्रदेशावर आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत कामासाठी अगर प्रवासासाठी जाणाऱ्याने कीटकनाशकाने भारित केलेली मच्छरदाणी सोबत बाळगावी. अशा जाळीवर बसलेला डास केवळ अडत नाही, तर मरतो. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या असाव्यात आणि झोपेत हातपाय जाळीला टेकू नयेत, कारण टेकलेल्या भागाला डास जाळीबाहेरूनही चावू शकतो.

वाळूमाशी

वाळूमाशी ही डासाहूनही लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ पंखांची माशी आहे. तिच्या उडण्याचा आवाज होत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे ओलसर कोपरे, शेणाचे व पालापाचोळ्याचे ढीग ही तिची निवासस्थाने होत. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती आत येऊ शकते. १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा या गावच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संशोधकांनी एक नवा विषाणू वेगळा केला. तो त्या गावाच्या नावानेच ओळखला जातो. त्याच्या प्रसाराशी वाळूमाशीचा संबंध जोडला जातो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात, तसेच २०२४ मध्ये गुजरातेत, या विषाणूने अनेक बालकांचा बळी घेतला. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांतच मूल बेशुद्ध होऊ शकते. म्हणून लेकराबाळांसह मुक्काम करणाऱ्या कुटुंबांनी गोठ्यालगत किंवा भेगाळलेल्या भिंतीच्या कडेला अंथरूण घालू नये. वाळूमाशी जमिनीलगत थोडे थोडे उडते आणि वाऱ्यापुढे टिकत नाही. यास्तव वाहत्या वाऱ्याची जागा, शक्य तेथे खाट आणि बारीक विणीची मच्छरदाणी यांचा आश्रय घ्यावा.

गोचीड आणि माकडताप

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या दंशातून तो माणसात येतो. पुढे हा रोग सह्याद्रीच्या कुशीने उत्तरेकडे सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ विशेष पोहोचली. यामागचे कारण समजण्यास सोपे आहे. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत गोचिडीची अपक्व, बारीक पिले पालापाचोळ्यात विपुल असतात आणि काजू वेचण्याचा हंगामही त्याच काळात येतो. या रोगावर विशिष्ट औषध नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे तीन ते पाच जण दगावतात. तथापि हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. म्हणून रुग्णास वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये, त्या जागेजवळ थांबू नये आणि वनरक्षकास किंवा आरोग्य केंद्रास ताबडतोब वर्दी द्यावी. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचीड नव्या आश्रयाच्या शोधात आसपास पसरते. वेळेवर दिलेल्या एका वर्दीमुळे सबंध गाव सावध होऊ शकते.

गोचीड अंगाला चिकटली असता रॉकेल ओतणे, तंबाखू चोळणे किंवा काडीने चटका देणे हे उपाय सर्रास केले जातात. ते टाळावेत. चिडवलेली गोचीड आपल्या पोटातील द्रव जखमेत सोडण्याचा संभव असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीला अगदी लागून पकडावे आणि पीळ न देता सावकाश सरळ वर ओढावे. चिमटा नसल्यास बोटांभोवती कापड गुंडाळावे. तिला नखाने चिरडू नये. त्यानंतर ती जागा आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

गवतातला अदृश्य शत्रू

पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवत कमरेएवढे वाढते. माइटची डोळ्यांना सहसा न दिसणारी पिले त्यात दबा धरून असतात. त्यांच्या दंशातून स्क्रब टायफस हा ताप उद्भवतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाच्या काही भागांत या रोगाने लक्ष वेधून घेतले. दंशानंतर साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. दंशाच्या जागी पुष्कळदा विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही आणि बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली लपलेली असते. त्यामुळे रुग्णालाही तिचा पत्ता नसतो. डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर या रोगातून रुग्ण सहसा लवकर सावरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू यांवर आघात होऊन प्राण जाऊ शकतो. पेनिसिलीनच्या वर्गातील औषधे येथे निरुपयोगी ठरतात. औषध आहे, परंतु निदान झाले नाही म्हणून माणूस गमवावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

साधी साधने, नीट वापर

पूर्ण बाह्यांचा, सैल आणि फिकट रंगाचा पोशाख हे प्रवाशाचे पहिले चिलखत होय. फिकट कापडावर चढणारी गोचीड चटकन दिसते. विजार मोज्यांत खोचावी. लुगडे किंवा धोतर नेसणाऱ्यांनी पोटऱ्यांना कापडी पट्ट्या बांधाव्यात. उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडीन असलेले मलम लावावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘डेपा’ हेही याच प्रकारचे द्रव्य असून कर्नाटकाच्या माकडतापग्रस्त भागात त्याचे तेल वाटण्यात आले आहे. घामाने मलम धुऊन जाते, म्हणून वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ते पुन्हा लावावे. डोळे, ओठ व जखमा यांपासून ते दूर ठेवावे. दोन महिन्यांखालील बालकांस डीट लावू नये. मोठ्या मुलांच्या हातांनाही लावू नये, कारण ते हात तोंडात जातात. सिट्रोनेला अगर कडुनिंबाच्या तेलाचा परिणाम अल्पकाळच टिकतो. केवळ त्यावर विसंबून रोगट भागात जाणे इष्ट नव्हे. बंद तंबूत धुराची अगरबत्ती किंवा शेकोटी तर कदापि पेटवू नये. तिथे डासापेक्षा आग आणि कोंडलेला धूर यांचेच भय मोठे आहे.

मुक्कामाची जागा साचलेले पाणी, उंच गवत आणि गुरांचा गोठा यांपासून दूर, वाऱ्याची निवडावी. विश्रांतीसाठी थेट गवतावर किंवा पाल्यावर न बसता घोंगडी वा ताडपत्री अंथरावी. मुक्कामी परतल्यावर साबण लावून अंग चोळून आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत, जांघेत व गुडघ्यामागे नीट पाहावे. मुलांची तपासणी थोरांनी करावी. दंशावर खाजवू नये. ती जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. ओठ सुजणे, अंगभर गांधी उठणे अथवा श्वास लागणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना सांगावयाची एक गोष्ट

एवढी दक्षता घेऊनही दंश होतात. अशा वेळी एकच सवय प्राण वाचवू शकते. प्रवासाहून परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर आपण कोठे गेलो होतो, कोणत्या महिन्यात गेलो होतो आणि कोणते काम केले, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. शहरातील दवाखान्यात तापाचा रुग्ण आला की डेंग्यूची किंवा विषमज्वराची शंका प्रथम येते. ‘पंधरा दिवसांमागे भामरागडला होतो’ एवढ्या एका वाक्याने हिवतापाची तपासणी त्याच दिवशी होते. ‘दोडामार्गला काजू वेचले’ या वाक्याने माकडतापाकडे आणि ‘गवत कापले’ या वाक्याने काळ्या खपलीच्या शोधाकडे वैद्याचे लक्ष वळते. घातक प्रकारच्या हिवतापात एका दिवसाचा विलंबही महागात पडतो. दुर्गम भागात आशा कार्यकर्तीकडे हिवतापाच्या तत्काळ तपासणीची सोय असते. तिचा लाभ घ्यावा.

ही सवय सुशिक्षित प्रवाशाला लावणे अवघड नाही. परंतु ऊसतोड कामगार, तेंदूपत्ता गोळा करणारी बाई किंवा काजूच्या बागेतील मजूर यांना हे सांगणार कोण? मुकादम, बागायतदार, दिंडीचालक, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्यावर ही जबाबदारी येते. हंगाम सुरू होण्यापूर्वी टोळीतील प्रत्येकाला अंगभर कपडे, मलमाची नळी आणि एक मच्छरदाणी मिळाली, आणि ताप आल्यास मजुरी न कापता दवाखान्यात जाण्याची मुभा मिळाली, तर अनेक घरे दुःखातून वाचतील. रानवाटा बंद करता येणार नाहीत. तेथील कीटकांचा समूळ नाश करणेही शक्य नाही. मात्र त्या वाटेवर गेलेला माणूस सुखरूप घरी परतावा, एवढी व्यवस्था निश्चितच आपल्या हाती आहे.