फसवणुकीपेक्षा गप्प बसणं महाग पडतं

(तरुणांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मला विषय दिलाय 'रोजच्या वापरातली ऑनलाइन सुरक्षितता'. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, त्यामुळे आता हा व्हायरस, हॅकर, फायरवॉल असं काहीतरी सांगणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण माझ्या ओळखीत ज्यांचे पैसे गेले, त्यांच्यापैकी कुणाचाही फोन कुणी हॅक केला नव्हता. त्यांना एक फोन आला. समोरचा गोड बोलला किंवा दरडावून बोलला, आणि यांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. कुलूप फोडावंच लागलं नाही, घरातल्या माणसानेच दार उघडलं.

म्हणून मी दोन गोष्टींवर बोलणार आहे. दार नीट कसं लावायचं, ही पहिली. आणि चोर आत आलाच तर पुढच्या तासाभरात काय करायचं, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर सगळेच बोलतात. पैसे मात्र बहुतेक वेळा दुसरी गोष्ट माहीत नसल्यामुळे बुडतात.

तुम्हालाच हे का सांगतोय? कारण घरातलं कस्टमर केअर तुम्हीच आहात. अम्मीचं व्हॉट्सअॅप अडकलं की तुम्ही. अब्बांना लाईट बिल भरायचं की तुम्ही. खालाची लाडकी बहीणची ई-केवायसी करायची की पुन्हा तुम्हीच. तुम्ही दोन मिनिटांत काम उरकता आणि फोन परत देता. त्यांना मात्र काय दाबलं, का दाबलं, हे कळलेलं नसतं. तुम्ही कॉलेजात किंवा कामावर असता तेव्हा तोच फोन वाजतो, आणि पलीकडचा माणूस तुमच्यापेक्षा जास्त वेळ देऊन, जास्त आदराने समजावतो.

आधी दार लावू.

पहिला नियम यूपीआयचा. पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना लागत नाही. एवढं एकच वाक्य घरी पाठ करून घ्या. 'हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' असं कुणी म्हटलं की तो चोर. मग तो स्वतःला फौजी म्हणवून घेऊ दे नाहीतर बँकेचा मॅनेजर.

दुसरं, व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फाइल. लग्नपत्रिका म्हणून येते, आरटीओचं चलन म्हणून येते, बँकेची केवायसी म्हणून येते. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये असते, तिला अॅप कशाला लागेल? एपीके म्हणजे अॅपच. ते बसवलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर तिकडे जातात. तुम्ही कुणाला ओटीपी सांगितलेला नसतो, तरी खातं रिकामं होतं. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. 'अनोळखी स्रोताला परवानगी द्यायची का' असं फोनने विचारलं, तर उत्तर नाही.

तिसरं, बँकेचा नंबर गुगलवर शोधायचा नाही. तिथे भामट्यांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर एटीएम कार्डच्या मागे असतो, पासबुकावर असतो. आणि मदत करतो म्हणून कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितली तर फोन ठेवून द्यायचा. तुमची स्क्रीन दिसते म्हणजे तुमचा ओटीपीही दिसतो.

चौथं, व्हॉट्सअॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सेटिंगमध्ये अकाउंटमध्ये जा आणि सहा आकडी पिन ठेवा. कुणी गोडीगुलाबीने तुमच्याकडून एसएमएसवरचा कोड काढून घेतला, तरी या पिनाशिवाय त्याला तुमचं खातं उघडता येत नाही. तिथेच 'लिंक्ड डिव्हायसेस' पाहा. ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लगेच काढून टाका.

पाचवं, ई-मेल. बाकी सगळे पासवर्ड विसरल्यावर नवीन पासवर्डची लिंक ई-मेलवरच येते. म्हणजे ई-मेल ही घरातल्या सगळ्या किल्ल्यांची पेटी आहे. तिचा पासवर्ड वेगळा आणि लांब हवा. चार-पाच शब्दांचं, फक्त तुम्हाला सुचेल असं वाक्य चालतं. जन्मतारीख आणि नाव चालत नाही.

सहावं, आधार. हॉटेलात, सिमच्या दुकानात, भाड्याच्या खोलीसाठी आपण पूर्ण आधारची झेरॉक्स वाटत फिरतो. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार मिळतं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. अंगठा लावून पैसे काढायची सोय तुम्ही वापरत नसाल, तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघा. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

रमजानमध्ये जकात आणि सदक्याच्या नावाने क्यूआर कोड फिरतात. आजारी मुलाचा फोटो, खाली कोड. फोटो खरा असतो, पण कोड कुणीतरी बदललेला असू शकतो. स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं ते वाचा आणि ओळखीतून एक फोन करून खात्री करा. हजच्या बाबतीतही तसंच. हज कमिटीचा अर्ज तिच्या अधिकृत साइटवर किंवा २०२४ मध्ये आलेल्या हज सुविधा अॅपवरच भरायचा. 'कोट्यातली एक सीट राहिलीय, आज रात्रीपर्यंत अॅडव्हान्स टाका' या वाक्यातला 'आज रात्रीपर्यंत' ऐकूनच सावध व्हायचं. खऱ्या कामाला कागद लागतात. घाई लागते ती फसवणुकीला.

एवढं दार लावायचं. आता दुसरा भाग.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक खाला आहेत. त्यांनी जुनं कपाट ऑनलाइन विकायला काढलं. गिऱ्हाईक म्हणाला, मी फौजेत आहे, बदली झालीय, कपाट न बघताच घेतो. त्याने क्यूआर पाठवला. खालांनी पिन टाकला आणि नऊ हजार गेले. तो म्हणाला, सॉरी आंटी, सिस्टिमची चूक झाली, परत करतो, अजून एकदा स्कॅन करा. असं करत एकतीस हजार गेले. पोरीच्या फीसाठी साठवलेले होते.

पण माझ्या मनाला लागलं ते पुढचं. खालांनी सहा दिवस हे कुणालाच सांगितलं नाही. का? मुलगा ओरडेल. सून म्हणेल, मी सांगत होते ना. शेजारी हसतील. सहा दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हाही पहिलं वाक्य होतं, 'बेटा, घरी बोलू नकोस.' तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते.

असल्या पैशांचा प्रवास समजून घ्या. चोर तुमचे पैसे थेट स्वतःच्या खात्यात घेत नाही. ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चौथ्या-पाचव्यात जातात, आणि मग रोख काढले जातात. जोवर ते कुठल्यातरी खात्यात पडून आहेत, तोवर थांबवता येतात. त्यासाठीच १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्यापर्यंत पोचते आणि ती रक्कम रोखून धरता येते. एकदा एटीएममधून नोटा बाहेर आल्या की रोखायला काही उरत नाही. म्हणून पहिला तास सोन्याचा.

फोन करताना हाताशी ठेवायचं ते असं: आपला मोबाईल नंबर, बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो, अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मग बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करून घ्यायचं. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार लिहायची. चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे.

बँकेला लगेच कळवण्याचं आणखी एक कारण आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच कुठेतरी आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. आणि समजा ओटीपी तुम्हीच सांगितला. तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी एका फोनने पुढचं नुकसान थांबतं. गप्प बसलात तर ते तुमच्या अंगावर चढतच जातं.

चोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 'डिजिटल अरेस्ट'चा प्रकार बघा. कॉल येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले. मग व्हिडिओवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. आणि पहिली अट कोणती? कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. सगळा धंदा या अटीवर उभा आहे. बाजूच्या खोलीतून कुणी नुसतं विचारलं असतं, 'कुणाचा फोन आहे?', तर तो तिथेच कोसळला असता.

आपल्या घरांत यात एक जास्तीची भीती मिसळते. 'तुमचा नंबर देशविरोधी प्रकरणात आलाय' असं वाक्य ऐकलं की वडीलधाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. काय, कुठे, कसं हे विचारायचंही ते विसरतात. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा: व्हिडिओ कॉलवर अटक अशी गोष्ट भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं. पोलीस चौकशीला बोलावू शकतात, पण फोनवर पैसे भरायला सांगून प्रकरण मिटवत नाहीत. असा कॉल आला की फोन ठेवायचा आणि घरच्यांना हाक मारायची.

आता खास बहिणींसाठी. कुणी तुमचा फोटो वापरून धमकी दिली, तर तो चोरही त्याच एका गोष्टीवर पैज लावतो: ही घरी सांगणार नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या अॅपांवर मुस्लिम बायकांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्या गप्प बसतील अशीच अपेक्षा होती. त्या बसल्या नाहीत. त्यांनी जाहीरपणे बोलून तक्रारी केल्या, आणि बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच बेंगळुरू आणि उत्तराखंडमधून अटका केल्या. धमकी देणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही, दिला की मागणी वाढते. महिलांच्या तक्रारींसाठी सरकारी पोर्टलवर वेगळा विभाग आहे. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल, तर अठरा वर्षांवरच्यांसाठी स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून रोखतात. आणि भावांनो, बहिणीने असं काही सांगितलं तर तिचा फोन काढून घेणं हा उपाय नाही. ती पुढच्या वेळी सांगणारच नाही, एवढंच त्यातून होतं.

मुलांनाही एक सांगायचंय. 'तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं विचारणारा तुम्हाला कॉलेजच्या कट्ट्यावर भेटेल, टेलिग्रामवर भेटेल. मघाशी सांगितलेली ती मधली खाती कुठून येतात? अशीच येतात. खालांचे एकतीस हजार ज्या खात्यांतून गेले, ती कुणातरी तुमच्या-माझ्या वयाच्या पोराची असू शकतात. पोलीस पहिले त्याच्याच दारात येतात, कारण नाव त्याचं, केवायसी त्याची. खातं गोठतं, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि कमिशन देणारा गायब असतो. खातं कुणाला भाड्याने द्यायचं नाही, मित्रालाही नाही. दिलं असेल तर आजच बँकेला आणि घरी सांगा.

शेवटी एक काम देतो. आज रात्री जेवणानंतर घरातल्या मोठ्यांचे फोन घेऊन बसा. त्यांच्यासाठी सगळं तुम्हीच करून टाकू नका, त्यांच्या बोटाने करून घ्या. १९३० हा नंबर सेव्ह करा. व्हॉट्सअॅपचा पिन लावा. ज्या खात्यावर यूपीआय आहे त्यात रोजच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, साठवणीचं खातं वेगळं ठेवा.

आणि हे सगळं झाल्यावर एक वाक्य बोला. 'अम्मी, कधी काही चुकलं, पैसे गेले, तरी सगळ्यात आधी मला सांग. मी ओरडणार नाही.' हे नुसतं म्हणून चालणार नाही, वेळ आल्यावर पाळावं लागेल. अम्मी रडत फोन करेल तेव्हा 'तुला किती वेळा सांगितलं होतं' हे वाक्य तुमच्या ओठावर येईल. ते गिळायचं, आणि विचारायचं, 'किती वाजता गेले?'

आता तुमचे प्रश्न घेऊ.