चिंध्यांतून चित्र : कापडी कोलाज आणि शिवणयंत्र



जुन्या लुगड्याचा पदर, धोतराची टिकलेली बाजू आणि मुलांच्या अंगरख्यांचे तुकडे एकत्र शिवून केलेली गोधडी आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. थंडीपासून रक्षण हा तिचा हेतू खरा. परंतु कोणता तुकडा मध्ये घ्यावा आणि कोणता काठाला लावावा, हे ठरविताना घरातील स्त्री चित्रकाराचेच काम करीत असते. पाब्लो पिकासो याने १९१२ साली आपल्या एका चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले व भोवती दोर लावला. युरोपच्या आधुनिक कलेत कोलाजचा आरंभ त्या सुमारास झाला. तुकडे जोडून नवे रूप घडविण्याची ही दृष्टी आपल्या वाकळीला मात्र अपरिचित नव्हती.

आजचे वस्त्रकलावंत या दोन्ही वाटा एकत्र आणतात. सुती, रेशमी व जाळीदार कापडाचे तुकडे, कागद, दोरा आणि रंग यांची प्रथम मांडणी होते. मग शिवणयंत्राने तिच्यावर रेषा काढली जाते. त्यासाठी निराळे यंत्र लागतेच असे नाही. पायाने चालणाऱ्या साध्या यंत्राची कापड दाबून धरणारी पट्टी काढावी, कापड पुढे सरकविणारे दाते खाली घ्यावेत किंवा झाकावेत आणि कापड रिंगमध्ये ताणून बसवावे. सुई एकाच जागी वरखाली होत राहते व हात कापड फिरवितो. हात झपाट्याने फिरला तर टाका लांब पडतो, सावकाश फिरला तर दाट. यंत्रावरचे भरतकाम म्हणजे हाताची कला नव्हे, ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

हात आणि साधन यांच्या नात्याचा मोठा धडा चंद्रपूर जिल्ह्यानेच देशाला दिला आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ साली वरोड्याजवळ आनंदवन उभे राहू लागले. कुष्ठमुक्त व दिव्यांग व्यक्तींनी तेथे हातमाग, शिवणकाम, शुभेच्छापत्रे अशा उद्योगांतून दयेऐवजी कामाचा मोबदला मिळविला. कुष्ठरोगाने मज्जातंतूंना इजा झाली की बोटाला सुई टोचली तरी कळत नाही. अशा हातांसाठी भरपूर उजेड, सुईपुढे आडोसा आणि काम संपल्यावर बोटांची तपासणी, ही शिस्त शिवणाइतकीच महत्त्वाची ठरते.

सामग्रीचीही या भागात उणीव नाही. ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढणाऱ्या अळीपासून टसर, म्हणजे आपला कोसा मिळतो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी परिसरात कोशाचे उत्पादन होते. त्यात ढिवर समाजातील कुटुंबांचा मोठा वाटा आहे. पतंग भोक पाडून बाहेर पडला की त्या कोशातून अखंड धागा निघत नाही. परंतु त्याचे सूत कातता येते, आणि कोलाजमध्ये तर तो कोश कापून तसाच लावता येतो. त्याच्या मूळच्या तपकिरी छटेला वेगळ्या रंगाची गरज भासत नाही.

खरा प्रश्न आहे तो आकृतीचा. आदिवासी कला म्हटले की कापडावर वारली माणसे नाचू लागतात. ती चित्रपरंपरा डहाणू-जव्हारकडची; भामरागडच्या माडिया गोंडांची परंपरा निराळी आहे. लाकडावरील कोरीव काम हा तिचा विशेष असून त्यात मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले स्तंभही आहेत. स्मृतिस्तंभावरील आकृती उशीच्या अभ्र्यावर उमटविणे सोपे आहे; पण ती उमटविण्याचा अधिकार कोणाचा? अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम आहे, असे १९९६ चा पेसा कायदा म्हणतो. तेव्हा आधी गावाला विचारावे. गावाने नको म्हटले तर तेथेच थांबावे. होकार मिळाला तर कलाकृतीवर गावाचे आणि ती करणाऱ्या स्त्रीचे नाव घालावे व मोबदलाही त्यांच्यापर्यंत पोहोचवावा.

येथे प्रत्येकाच्या वाट्याला काही काम येते. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला घरातील चिंध्या आणावयास सांगाव्यात व प्रत्येक तुकडा कोणाच्या वस्त्राचा, हे मुलांकडून वदवून घ्यावे. पंचायत सदस्यांनी आकृतींचा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. अधिकाऱ्यांनी किती शिवणयंत्रे वाटली एवढेच न मोजता, त्यांवर वर्षभरात काय शिवले गेले आणि शिवणारीच्या हाती किती पैसे पडले, हेही नोंदवावे. कोलाजने प्रत्येक घराचा चरितार्थ चालेल असे आश्वासन देता येणार नाही. परंतु झबली-परकर शिवून तयार कपड्यांच्या बाजाराशी झुंजणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या नावाने विकता येईल अशी एक वस्तू त्यातून लाभू शकते, आणि प्रयत्न करण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.