स्थानमूल्याचा वारसा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



भूगोल, मिळकत-व्यवस्था आणि नगररचना या तिन्ही विषयांचे उपासक एका मंडपात जमण्याचा दुर्मीळ योग आज या नगरीस लाभला आहे. स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

डच लोकांचा स्थानविचार हा या परिषदेचा विषय सर्वथा उचित आहे. कारण अन्यत्र जे स्थान निसर्गदत्त समजले जाते, ते नेदरलंड्सच्या समुद्रसपाटीखालील सुमारे चतुर्थांश भूमीवर मनुष्याने बांध घालून व पाणी उपसून राखले आहे. १६१२ साली बीम्स्टर सरोवर कोरडे झाले, तेव्हा त्याच्या तळावर रस्ते, कालवे आणि शेतांच्या हद्दी काटकोनांत आखल्या गेल्या. आणि १९४२ साली ईशान्य पोल्डर, म्हणजे बांध घालून कोरडा केलेला भूभाग, पाण्याबाहेर आला, त्यानंतर मध्यभागी एमेलोर्ड हे मुख्य गाव व भोवती दहा खेडी वसविताना, शेतकऱ्याला सायकलवरून गाव गाठता यावे, एवढ्या अंतराचाही हिशेब नियोजनकारांनी मांडला.

जेथे जमीनच सामुदायिक श्रमांतून निर्माण झाली, तेथे तिच्या स्थानाचे मूल्य केवळ मालकाच्या कर्तृत्वाचे फळ मानणे अशक्य होते. १८३२ पासून देशभर चालू झालेल्या भूमापन-दप्तराने प्रत्येक मिळकतीच्या हद्दीची आणि मालकीची नोंद ठेवून खाजगी हक्काला आधार दिला, तरी १८९६ पासून आम्स्टरडॅम शहराने आपली जमीन विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊन, वाढत्या मूल्याचा वाटा सार्वजनिक खजिन्यात राहील, अशी तजवीज केली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस, माणसांची वर्दळ असणाऱ्या कचेऱ्या मोठ्या रेल्वेस्थानकांजवळ आणि मालवाहतुकीचे व्यवसाय महामार्गालगत असावेत, असे वर्गवार धोरण तेथील शासनाने आखले. कालांतराने ते सोडून देण्यात आले, तथापि योग्य व्यवसायाला योग्य जागा मिळावी, हे त्यामागील तत्त्व आजही विचारार्ह आहे.

प्रतिनिधी बंधुभगिनींनो, जागेचा भाव रस्ता, पाणी, स्थानक आणि शेजार यांनी वाढतो, आणि ही सर्व समाजाची देणगी आहे. ज्या जागेविषयी आपण निर्णय द्याल, तिचा लाभ कोणास व भार कोणावर, हा प्रश्न प्रथम विचारला जावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आणि त्या विनंतीसह मी परिषदेस सुयश चिंतितो.