चोरीची मूर्ती आणि खोटी पावती

दूरचित्रवाणीवरच्या चोरांच्या मालिका आपण घरोघर पाहतो. त्यांतला एक ठरीव नमुना आपल्या चांगला ओळखीचा आहे. गोडबोल्या, टापटिपीचा भामटा, चित्रांचा आणि मूर्तींचा मोठा दर्दी! भिंतीवरचे चित्र तो इतक्या हलक्या हाताने उतरवतो, की आपण पोलिसांना सोडून त्याचीच बाजू घेतो. घटकाभर करमणूक म्हणून माझी हरकत नाही. पण हा कलाप्रेमी चोर प्रत्यक्षात कुठे भेटतो का?

रायगड जिल्ह्यातले दिवेआगर घ्या. १९९७ च्या नोव्हेंबरात तेथे सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली, आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. सारा महाराष्ट्र दर्शनाला लोटला. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार करून तो पळवला. पुढे चोर सापडले, सोनेही सापडले, पण वितळवलेले. कुणा जुन्या कारागिराचा हात त्यात होता, याचे चोराला काय? त्याने वजन पाहिले. २०२१ साली गणपतीची पुन्हा स्थापना झाली खरी, पण तो जुना चेहरा गेला तो गेलाच.

आता खरा भामटा पाहा. तमिळनाडूतील श्रीपुरंदान गावच्या देवळातून २००६ साली चोळकालीन नटराज चोरीस गेला. न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याने तो २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला पन्नास लाख डॉलरला विकला. कुलूप फोडणारे गडी निराळे. कपूरची करामत कागदाची! मूर्ती १९७० सालीच दिल्लीत विकत घेतली होती, अशी खोटी कागदपत्रे त्याने पुढे केली. म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या आधीच ती देशाबाहेर गेली, असे भासावे. मोठमोठे जाणकार फसले. अखेर पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने मूर्ती देवळात असताना घेतलेले छायाचित्र पुढे आले आणि कागद खोटे पडले. २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. दुसऱ्या एका देवळातल्या मूर्तींच्या चोरीबद्दल २०२२ साली कपूरला कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची सजा दिली.

तेव्हा एका छायाचित्राची किंमत बघा! आमच्या कळवण तालुक्यात सप्तशृंगीची काळजी नको. ती कड्यातच कोरलेली, तिला कोण उचलणार? पण पाराखालचे वीरगळ, पडक्या देवळातल्या सुट्या मूर्ती, बोहाड्याचे जुने लाकडी मुखवटे यांचे काय? उद्या एखादी वस्तू दूरदेशी काचेच्या कपाटात दिसली, तर ती आमचीच, हे कशावरून सांगणार? 'आजोबा सांगत' एवढ्यावर न्यायालय ऐकत नाही. काही गावांत देवाचे छायाचित्र काढू देत नाहीत. ती भावना मी समजतो; पण निदान पुजाऱ्याने स्वतः काढून पंचायतीत ठेवायला काय हरकत? पुढून, मागून, शेजारी पट्टी धरून, तुटका कान किंवा झिजलेले बोट स्पष्ट दिसेल असे. खाली तारीख आणि गावाचे नाव.

सुट्टीत आमचे काही विद्यार्थी अभोण्याकडच्या वाड्यांत याच कामासाठी हिंडणार आहेत. कुणी पट्टी घेऊन आपल्या पाराशी आला तर हुसकावू नका. मात्र आधी त्याचे ओळखपत्र पाहा. भामटेही पट्टी घेऊनच येतात!