मुलांचें चॅनेल आणि आईबापांची सोबत

(महोत्सवी वर्षांत आईबापांच्या मेळाव्यापुढें केलेलें भाषण)



देवळाच्या महोत्सवी वर्षांत धर्मगुरूनें पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं दोन शब्द सांगावेत, अशी आपली अपेक्षा असेल, आणि ती रास्त आहे. परंतु गेल्या वर्षभरांत आमच्या दारीं आलेल्या आईबापांनीं जो प्रश्न आम्हांस वारंवार विचारला, तो पूर्वजांविषयींचा नव्हता. "फादर, पोर यूट्यूबवर स्वतःचें चॅनेल काढायचें म्हणतें. काढूं द्यावें कीं नाहीं?" हाच तो प्रश्न. आज त्याविषयींच बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका अकरा वर्षांच्या मुलीनें पवित्र मरियेचें एक गीत गाऊन त्याची चित्रफीत आपल्या चॅनेलवर घातली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. आम्हांस इतका आनंद झाला कीं, रविवारीं मिस्सेच्या शेवटीं आम्हीं वेदीवरूनच सर्वांस ती पाहावयास सांगितलें. पंधरा दिवसांनीं तिचे वडील रात्रीं आमच्याकडे आले. कोणा अनोळखी माणसानें मुलीस लिहिलें होतें कीं, तूं सकाळीं कोणत्या थांब्यावर उभी राहतेस तें मला ठाऊक आहे. त्यास तें कसें कळलें? आम्हीं दोघांनीं ती चित्रफीत पुन्हा लावून पाहिली. मुलीच्या अंगावर शाळेचा गणवेश होता व त्यावर शाळेचें चिन्ह होतें. पाठीमागच्या खिडकींतून थांब्याची पाटी अक्षरें वाचतां येतील इतकी स्पष्ट दिसत होती.

देवाच्या कृपेनें याहून अधिक अनर्थ झाला नाहीं. परंतु ती मुलगी पुढें पुष्कळ दिवस गाइली नाहीं. आणि चौकशी करतां असें दिसून आलें कीं, ती चित्रफीत आधीं कोणीं पाहिलीच नव्हती. आईस वाटलें, बाईंनीं पाहिली असेल; बाईंस वाटलें, घरच्यांनीं पाहिली असेल; आणि फादरनींच वेदीवरून स्तुति केल्यावर कोणास शंका येणार? आम्हीं तर केवळ आवाज ऐकला, खिडकी पाहिली नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस संत लूकच्या शुभवर्तमानांतील तो प्रसंग आठवला. बाळ येशू बारा वर्षांचा असतां यरुशलेमेंत मागें राहिला, आणि मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेलीं. तीं निष्काळजी नव्हतीं. मूल सोबतच्या नातलगांत असेल, एवढीच त्यांची समजूत होती. आमच्या मुलीच्या बाबतींत नेमकी तीच समजूत सर्वांची होती. फरक इतकाच कीं, त्या काफिल्यांत खरोखरच आप्तस्वकीय होते. यूट्यूबच्या काफिल्यांत कोण चालत आहे, तें कोणासच सांगतां येत नाहीं.

मग मुलांस बंदीच करावी काय? आमचें मत तसें नाहीं. आमच्या परम पवित्र पित्यांनीं नव्या साधनांकडे पाठ फिरविली नाहीं. ११व्या पायसनीं १९३१ सालीं मार्कोनीच्या हस्तें व्हॅटिकनचें नभोवाणी केंद्र उभारविलें आणि १९३६ सालीं चित्रपटांविषयीं स्वतंत्र परिपत्रक काढून सावधगिरीचा इशाराही दिला. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं ज्यास संतपद देण्यांत आलें, तो कार्लो अकुतिस २००६ सालीं अवघ्या पंधराव्या वर्षीं वारला. पवित्र ख्रिस्तशरीरासंबंधींच्या चमत्कारांची माहिती त्यानें संगणकाच्याच साहाय्यानें जगापुढें मांडली. तेव्हां मुलास कांहीं दाखवावेंसें वाटतें, ह्यांत पाप नाहीं. त्यास एकट्यास सोडणें, हा दोष आहे.

आतां प्रत्यक्ष गोष्टी. आपल्या देशांत स्वतःचें गूगल खातें काढण्यास मुलाचें वय १३ वर्षें पूर्ण असावें लागतें. पुष्कळ घरीं खोटी जन्मतारीख लिहून हें कुंपण ओलांडतात. मुलास जगापुढें पहिलें पाऊल असत्यानें टाकावयास शिकवूं नये, हें तर खरेंच. पण व्यवहारदृष्ट्याही त्यांत तोटा आहे, कारण लहान मुलांसाठीं ठेविलेलीं सर्व संरक्षणें त्या एका खोट्या आंकड्यानें निकामी होतात. मूल तेरा वर्षांखालील असेल, तर चॅनेल आईच्या अगर वडिलांच्या खात्यावर, त्यांच्याच नांवें व त्यांच्याच हातीं असावें. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानेंही अठरा वर्षांखालील व्यक्तीस मूलच मानून आईबापांच्या संमतीची अट घातली आहे.

चॅनेलला मुलाचें पूर्ण नांव देऊं नये. आपल्या लोकांत आडनांव व आळीचें नांव कळलें कीं घर सांपडावयास वेळ लागत नाहीं. गणवेश, घराची पाटी, गाडीचा क्रमांक, शाळेची वेळ, ह्यांपैकीं कांहीं दिसतां कामा नये. पांढऱ्या भिंतीपुढें उभें करावें, तें उत्तम. सणाचें अगर सहलीचें चित्रण घरीं परतल्यावरच घालावें. थेट प्रक्षेपण तर मुळींच नको. १६ वर्षांखालील मुलांस तें एकट्यानें करण्यास यूट्यूबनेंच जुलै २०२५ पासून मनाई केली आहे.

चित्रफीत चढवितांना ती 'प्रायव्हेट', 'अनलिस्टेड' कीं 'पब्लिक', असें विचारतात. पहिलें वर्षभर 'अनलिस्टेड' पुरे: ज्यास आपण दुवा पाठवूं, तो पाहील, आजी पाहील, आखातांतला मामा पाहील. मात्र दुवा पुढें पाठविला जाऊं शकतो, म्हणून तीही कुलुपबंद पेटी समजूं नये. लोकांचे अभिप्राय बंद ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. मूल रुसेल. रुसूं द्यावें. दुसऱ्याचें मूल चित्रणांत असेल, तर त्याच्या आईबापांस विचारल्यावांचून तें घालूं नये. हा नियम धर्मग्रामाच्या चॅनेलसही आम्हीं लाविला असून प्रथम ख्रिस्तशरीराच्या विधीचीं जुनीं चित्रणें त्यानुसार काढून टाकिलीं आहेत.

पैशाविषयीं थोडकेंच. जाहिरातींचा वांटा मिळण्यास १००० सदस्य व वर्षांत ४००० तासांचें पाहणें, अशी सामान्य अट आहे. अठरांखालील मुलाचा पैसा पालकाच्याच खात्यावर जमा होतो. ज्या घरीं तो येऊं लागतो, तेथें मूल हंसलें नाहीं तर पुन्हा चित्रण होतें. आम्हांस ह्याचेंच अधिक भय वाटतें. मूल 'आज नको' म्हणालें, तर त्या दिवशीं नको. तें मोठें झाल्यावर 'हें काढून टाका' म्हणालें, तर काढून टाकावें.

आणि कोणी अनोळखी माणूस मुलास लिहूं लागला, छायाचित्र मागूं लागला, दुसरीकडे बोलावयास ये म्हणूं लागला, तर मुलास प्रथम रागें भरूं नका. मार बसेल ह्या भीतीनेंच मुलें गप्प राहतात, आणि त्या माणसास तेंच हवें असतें. आलेला मजकूर पुसूं नका. त्याचें चित्र काढून ठेवा, त्यास अडवा, पोलिसांच्या सायबर शाखेकडे जा. मुलांसाठींचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. लाज वाटत असेल तर आमच्याकडे या; आम्ही सोबत येऊं.

त्या मुलीविषयीं आपण विचाराल. ती पुन्हा गाते. चॅनेल आतां तिच्या आईच्या खात्यावर आहे. प्रत्येक चित्रफीत आधीं आई पाहते, मग वडील पाहतात, आणि त्यांच्या आग्रहास्तव तिसरे आम्ही पाहतों. आम्ही आतां खिडकी आधीं पाहतों.

येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहांत आमच्या युवकसंघांतील दोन जाणते तरुण बसतील. ज्यांस चॅनेल काढावयाचें आहे अगर काढलेलें तपासून घ्यावयाचें आहे, त्यांनीं फोन घेऊन यावें, व मुलासही घेऊन यावें.